१९६६ च्या मस्टँगची मोकळ्या महामार्गावरील शर्यतीसाठी बांधणी

अमेरिकेतील नेव्हाडा राज्यात लंड नावाच्या छोट्या वस्तीपासून हायकोपर्यंत जाणारा राज्यमार्ग ३१८ वर्षातून दोनदा, मे आणि सप्टेंबर महिन्यांत, इतर वाहतुकीसाठी बंद केला जातो आणि त्याच्या ९० मैलांवर, म्हणजे सुमारे १४५ किलोमीटरांवर, सामान्य माणसांच्या गाड्या शर्यतीच्या वेगाने धावतात. सप्टेंबरमधील शर्यतीला ‘सिल्व्हर स्टेट क्लासिक चॅलेंज’ म्हणतात आणि ती १९८८ पासून भरते. अंतराची कल्पना यावी म्हणून सांगतो, की हे अंतर मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या जवळपास दीडपट आहे आणि ते एका दमात, मध्ये कोठेही न थांबता कापायचे असते.

या शर्यतीत सर्वांत आधी पोहोचणारा जिंकत नाही. ताशी ९५ मैलांपासून १८० मैलांपर्यंत ५-५ मैलांच्या टप्प्याने वर्ग असतात, त्यावर एक अमर्याद वर्ग असतो. मर्यादित वर्गांत आपण निवडलेल्या सरासरी वेगाला जितका वेळ लागायला हवा, त्याच्या सर्वांत जवळ जो पोहोचतो तो विजयी ठरतो. ११० मैलांच्या वर्गात ही वेळ ४९ मिनिटे ५.४५ सेकंद इतकी येते. एक सेकंद चुकला म्हणजे गाडी सुमारे ४९ मीटर पुढे किंवा मागे गेली, आणि चांगल्या वर्गांत निकाल सेकंदाच्या अपूर्णांकांवर लागतात.

जुन्या मसल कारची, म्हणजे मोठ्या इंजिनाच्या अमेरिकन गाडीची, बांधणी करणाऱ्यांनी ही गोष्ट आधी मनात ठसवून घ्यावी, कारण बहुतेकांचा पैसा आणि उत्साह इंजिनापासून सुरू होतो आणि तेथेच संपतो. मोठा कॅमशाफ्ट, मोठा कार्बुरेटर, मग आणखी काही, आणि ब्रेकसाठी हातात काही उरत नाही. माझे मत ठाम आहे: पन्नास मिनिटे एकाच वेगाने, सरळ रेषेत आणि थंड डोक्याने धावू शकणारी गाडी आधी बांधावी, अश्वशक्तीचा विचार सर्वांत शेवटी करावा. पुढील मार्गदर्शन १९६५-६६ च्या फोर्ड मस्टँगसाठी, २८९ घनइंची व्ही-८ इंजिन आणि ११० मैलांचा, म्हणजे ताशी १७७ किलोमीटरांचा वर्ग गृहीत धरून लिहिले आहे. त्याच काळातील कॅमारो, फायरबर्ड किंवा बाराकुडा असली तरी कामांचा क्रम हाच राहतो, सुटे भाग तेवढे बदलतात.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. येथे सांगितलेले सर्व वेग बंद केलेल्या रस्त्यासाठी किंवा शर्यतीच्या ट्रॅकसाठी आहेत. चालू वाहतुकीत त्यांची चाचणी घेऊ नये, मग तो रस्ता नेव्हाडातील असो वा समृद्धी महामार्ग असो.

आधी नियमपुस्तिका, मग पान्हा

पहिले काम म्हणजे त्या वर्षीची नियमपुस्तिका मागवून ती शेवटच्या पानापर्यंत वाचणे. प्रत्येक वर्गासाठी गाडीत कोणती सुरक्षा साधने असावीत आणि एखाद्या क्षणीही किती कमाल वेग ओलांडू नये, हे त्यात ठरवून दिलेले असते. सरासरी ११० ठेवायची म्हणून मध्येच १४० ने धावता येत नाही, तसे केल्यास गाडी बाद होते. वर्ग निवडताना गाडीच्या क्षमतेपेक्षा एक पायरी खालचा निवडावा. ११० च्या वर्गात धावणारी गाडी १३० ला न थरथरता जात असेल, तरच ती ११० ला पन्नास मिनिटे शांतपणे धावेल.

पत्रा आणि सांगाडा

मस्टँगला वेगळी चासी नाही, तिचा पत्रा हाच तिचा सांगाडा आहे. फोर्डने तिची रचना फाल्कन या साध्या कौटुंबिक गाडीवरून घेतली होती आणि साठ वर्षांच्या गंजाचा विचार त्या वेळी कोणी केलेला नव्हता. म्हणून सुटे भाग मागवण्यापूर्वी गाडी उचलून, गालिचे काढून, खालून आणि आतून तपासावी. विंडशील्डच्या खालची हवेची पेटी आतून गंजते आणि पावसाचे पाणी थेट पायांखालच्या पत्र्यावर उतरते. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या गाड्यांतही हा दोष सर्रास सापडतो. त्यानंतर मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगांचे) पुढचे डोळे, म्हणजे टोकाची गोल कडी, जेथे बसतात ती जागा, पुढच्या दोन्ही लांब पट्ट्या आणि स्प्रिंगचे बुरूज (पुढच्या स्प्रिंगांना वरून धरणारे पत्र्याचे उंच आधार) पाहावेत. या गाडीत पुढची स्प्रिंग वरच्या आर्मवर (चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या वरच्या भुजेवर) बसते, त्यामुळे चाकाचा प्रत्येक धक्का त्या बुरुजात जातो आणि आर्मच्या बोल्टांभोवती केसासारख्या बारीक चिरा पडतात. रंग खरवडून, भिंग घेऊन त्या शोधाव्यात. चीर सापडली तर तिच्यावर नुसता वेल्डिंगचा थर देऊ नये. तिच्या टोकाला भोक पाडून ती पुढे जाणे थांबवावे, मग वेल्डिंग करावे आणि वरून जाड पत्र्याचा आधार द्यावा.

बुरुजांपासून फायरवॉलपर्यंत (इंजिन आणि चालक यांच्यामधील पत्र्यापर्यंत) जाणारा एकसंध आधार, ज्याला ‘एक्सपोर्ट ब्रेस’ म्हणतात, आणि दोन्ही बुरूज एकमेकांना जोडणारा ‘माँटे कार्लो बार’ बसवल्याशिवाय या गाडीचे अलाइनमेंट (चाकांचे ठरवलेले कोन) टिकत नाही. मस्टँगची शर्यतीची आवृत्ती बांधणारे कॅरोल शेल्बी यांनी आपल्या १९६५ च्या जीटी ३५० मध्ये हे दोन्ही भाग याच कारणासाठी दिले होते. पुढचा आणि मागचा सांगाडा जोडणाऱ्या लांब पट्ट्या खालून वेल्ड कराव्यात. हे काम गाडी चारही चाकांवर, स्वतःच्या वजनावर उभी असताना करावे, कारण मधून उचललेल्या गाडीत पत्रा वाकलेला असतो आणि वेल्डिंगनंतर तो वाक कायमचा राहतो.

मागच्या सीटमागील भिंत

या मॉडेलमधील एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही, म्हणून तिच्यावर थोडा वेळ थांबतो. मस्टँगच्या १६ गॅलनच्या पेट्रोल टाकीचा वरचा भाग हाच डिकीचा तळ आहे. टाकी आणि डिकी यांच्यामध्ये दुसरा पत्रा नाही, आणि हार्डटॉप मॉडेलमध्ये डिकी आणि प्रवासी यांच्यामध्ये सीटची पाठ व पुठ्ठा एवढाच आडोसा आहे. मागून जोराचा आघात झाला आणि टाकी फाटली, तर पेट्रोल सरळ माणसांपर्यंत येते. म्हणून पहिले वेल्डिंग सांगाड्याचे आणि दुसरे या भिंतीचे करावे. सीटमागे पूर्ण रुंदीची पोलादी भिंत बसवून तिच्या सर्व फटी, वायरींच्या भोकांसह, आगरोधक पुट्टीने बंद कराव्यात. ऐपत असेल तर मूळ टाकी काढून शर्यतीची फ्युएल सेल (आघातात सहजी न फाटणारी टाकी) बसवावी. वेगवान वर्गांत असे प्रश्न आपल्या मर्जीवर सोडलेले नसतात.

रोल केज, पाच किंवा सहा पट्ट्यांचा हार्नेस, मजबूत सीट, धातूच्या पट्टीने जखडलेले अग्निशामक आणि स्नेल संस्थेच्या ‘एसए’ प्रतीचे हेल्मेट यांबाबत एवढेच सांगतो, की हार्नेसच्या पट्ट्यांना वापराची मुदत असते आणि ती त्यांच्यावर छापलेली असते. खांद्यावरील पट्ट्या खांद्याच्या पातळीत किंवा थोड्याच खाली मागे बांधलेल्या असाव्यात. त्या फरशीला बांधल्यास आघाताच्या वेळी पाठीचा कणा खाली दाबला जातो. मोटरसायकलचे हेल्मेट या कामाचे नाही, कारण आगीचा विचार त्यात केलेला नसतो. जुन्या मस्टँगचा स्टिअरिंगचा लांब, एकसंध दांडा पुढच्या बॉक्सपासून थेट चालकाच्या छातीसमोर येतो. त्याच्या जागी दबणारा कॉलम बसवता आला तर जरूर बसवावा.

ब्रेक

सरळ महामार्गावर ब्रेक फारसे लागत नाहीत, असे म्हणून हे काम पुढे ढकलणारे पुष्कळ भेटतात. ताशी ११० मैलांच्या गाडीत ६० मैलांच्या गाडीच्या तिपटीहून अधिक ऊर्जा असते, आणि रस्त्यावर एखादे जनावर आले तर ती सारी ऊर्जा एकाच दाबात बाहेर काढायची असते. मूळ गाडीत चारही चाकांना ड्रम असतील, तर पुढे डिस्क हव्यातच. फोर्डनेच त्या काळी पर्याय म्हणून केल्सी-हेज कंपनीचे चार पिस्टनचे कॅलिपर आणि ११.३ इंची डिस्क दिल्या होत्या. त्या पद्धतीचे नवे संच आज मिळतात आणि या वर्गासाठी ते पुरेसे आहेत. मागे नीट बसवलेले रुंद ड्रम चालतात.

याहून महत्त्वाचा बदल मास्टर सिलिंडरचा आहे. १९६६ पर्यंतच्या मस्टँगमध्ये चारही चाकांसाठी एकच कप्पा आणि एकच मार्ग होता, म्हणजे एक नळी फुटली की पायाखाली काहीच उरत नाही. १९६७ पासून दोन कप्प्यांचा सिलिंडर आला. तो बसवून पुढचा आणि मागचा मार्ग वेगळा करावा, आणि मागच्या मार्गावर दाब कमी-जास्त करण्याचा व्हॉल्व्ह ठेवावा, जेणेकरून जोराच्या ब्रेकमध्ये मागची चाके आधी जाम होणार नाहीत. रबरी होज नवे टाकावेत. ब्रेक ऑइल शर्यतीपूर्वी पूर्ण बदलावे: डॉट ४ चे नवे ऑइल २३० अंश सेल्सियसला उकळते, पण हवेतील ओलावा शोषल्यावर तोच आकडा १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. नवे पॅड बसवल्यावर ते रुळवून घ्यावेत. त्यासाठी मध्यम वेगावरून दहा-बारा वेळा, पूर्ण न थांबता, ब्रेक दाबावा आणि नंतर पॅड दाबून न ठेवता गाडी चालवत थंड करावी.

सस्पेन्शन आणि स्टिअरिंग

या गाडीला सर्वांत स्वस्तात सर्वांत मोठा फरक पाडणारा बदल म्हणजे वरच्या आर्मची जागा एक इंच खाली आणणे. फोर्डचे अभियंते क्लाउस आर्निंग यांनी तो शोधला, शेल्बी यांच्या गाड्यांतून तो प्रसिद्ध झाला आणि आज तो ‘शेल्बी ड्रॉप’ याच नावाने ओळखला जातो. कारखान्यातून आलेल्या रचनेत गाडी वळणात कलली की बाहेरचे पुढचे चाक वरून बाहेर झुकते आणि टायर कडेवर उभा राहतो. आर्म खाली आणल्यावर चाक कलण्याच्या उलट दिशेला झुकते आणि टायरचा पूर्ण पट्टा रस्त्याला धरून राहतो. तयार साचा विकत मिळतो. तो बुरुजावर धरून नवी भोके पाडायची, जुन्या भोकांच्या कडा घासून गुळगुळीत करायच्या आणि आर्म नव्या जागी बसवायचा. एका शनिवारचे काम आहे. घाईत साचा दोन मिलिमीटर तिरका धरला गेला तर दोन्ही बाजूंचा कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळते त्याचा पुढे-मागे कल) वेगळा येतो, म्हणून भोक पाडण्यापूर्वी दोनदा मोजावे.

पुढे एक इंच जाडीचा अँटी-रोल बार, ताठ आणि थोड्या आखूड स्प्रिंगा, चांगल्या प्रतीचे गॅस शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि मागे नवे, मध्यम ताठपणाचे पाटे एवढे पुरेसे आहे. पाटे फार ताठ केले तर रस्त्याच्या लहान लाटांवर मागचा अ‍ॅक्सल उड्या मारतो, आणि मार्ग ३१८ हा काही ट्रॅक नाही. त्याच्यावर डागडुजीचे पट्टे आहेत, उंचवटे आहेत. खालच्या आर्मला पुढे धरणाऱ्या रॉडची जुनी रबरी बुश काढून तेथे घट्ट, लांबी बदलता येणारे रॉड बसवावेत. जुनी बुश दबली की ब्रेक लावताना चाक मागे सरकते आणि गाडी एका बाजूला ओढली जाते.

अलाइनमेंटमध्ये सरळ रेषेतील स्थैर्य कॅस्टरमधून येते. कारखान्याचा आकडा शून्याच्या आसपासचा आहे, कारण त्या काळी स्टिअरिंग हलके असणे महत्त्वाचे मानले जात होते. या कामासाठी अडीच ते चार अंश धन कॅस्टर, पाऊण ते एक अंश ऋण कॅम्बर (चाक वरून आत झुकलेले) आणि सुमारे एक अष्टमांश इंच टो-इन (चाकांची पुढची बाजू किंचित आत वळलेली) ठेवावे. १९६५-६६ मध्ये हे वरच्या आर्ममागे पातळ पत्र्याचे शिम घालून साधावे लागते, काम वेळखाऊ आहे आणि ते समजणारा कारागीर शोधावा लागतो. मोजणी करताना चालक आणि शेजारचा सहकारी यांच्या वजनाएवढी पोती सीटवर ठेवावीत, टाकी अर्धी भरलेली असावी.

त्यानंतर बंप स्टिअर तपासावे. स्प्रिंग काढून, जॅकने चाक एकेक इंच वर-खाली करत टो किती बदलतो ते कागदावर लिहावे. उंचवट्यावरून जाताना चाक आपोआप वळत असेल तर चालकाला पन्नास मिनिटे गाडीशी झगडत बसावे लागते. टाय रॉडच्या बाहेरच्या टोकाची उंची बदलून हा दोष बराच कमी होतो. स्टिअरिंग बॉक्समधील प्ले (ढिलेपणा) काढताना मात्र सावध राहावे. स्क्रू जास्त आवळल्यास मध्यभागी स्टिअरिंग जड होते आणि वळणानंतर परत येत नाही. बॉक्स झिजलेला असेल तर तो पुन्हा बांधून घ्यावा, आणि तसे करताना १६:१ प्रमाणाचे दाते घालावेत.

टायर

टायरवरील वेगाचे अक्षर हा तडजोडीचा विषय नाही. एस अक्षराचा टायर ११२ मैलांपर्यंत, टी ११८, एच १३०, व्ही १४९ आणि डब्ल्यू १६८ मैलांपर्यंत प्रमाणित असतो. ११० च्या वर्गाला एस पुरतो असे वाटेल, पण वाळवंटी उन्हात सतत धावताना मी व्हीपेक्षा खालचा टायर बसवणार नाही. मूळ १४ इंची चाकांसाठी असे टायर मिळणे अवघड आहे, म्हणून १६ इंच व्यासाची आणि ७ इंच रुंदीची चाके व २२५/५० चे टायर घ्यावेत. त्यांचा एकूण व्यास जवळपास २५ इंच येतो, जो पुढच्या हिशोबात लागेल. टायरच्या बाजूवर तयार होण्याची तारीख चार अंकी असते: २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. चार-पाच वर्षांहून जुना टायर, त्याचे खाचे कितीही खोल असले तरी, या कामाला घेऊ नये. व्हॉल्व्ह रबरी नसून धातूचे असावेत आणि त्यांवर धातूच्या टोप्या घट्ट बसवाव्यात, कारण या वेगाला केंद्रोत्सारी बलाने व्हॉल्व्हची सुई आतून उघडू शकते आणि हवा थेंबाथेंबाने जाते.

गिअर, शाफ्ट आणि मागचा हाऊसिंग

इंजिनाचे फेरे काढण्याचा साधा हिशोब असा: ताशी मैल गुणिले मागच्या हाऊसिंगचे (डिफरन्शियलचे) गिअर प्रमाण गुणिले ३३६, भागिले टायरचा इंचांतील व्यास. ११० मैल, ३.२५ चे प्रमाण आणि २५ इंची टायर धरले तर मूळ चार गिअरच्या गाडीत इंजिन मिनिटाला सुमारे ४,८०० फेऱ्यांवर धावेल. ४९ मिनिटांत ते २ लाख ३५ हजार फेरे होतात. त्याऐवजी टी-५ हा पाच गिअरचा बॉक्स बसवला, ज्याचा पाचवा गिअर ०.६८ चा असतो, तर तोच वेग सुमारे ३,२७० फेऱ्यांत मिळतो. इंजिनाचे आयुष्य, तेलाचे तापमान आणि चालकाचे कान, तिन्हींना यातून आराम मिळतो, आणि या बदलावर खर्च केलेला पैसा मला नेहमीच सार्थकी लागलेला वाटतो.

मात्र ओव्हरड्राइव्हमुळे, म्हणजे त्या पाचव्या गिअरमुळे, इंजिन हळू फिरले तरी प्रोपेलर शाफ्ट हळू फिरत नाही. तो गिअरबॉक्सच्या मागे आहे, म्हणून त्याचा वेग चाक आणि हाऊसिंगच ठरवतात आणि तो ४,८०० फेऱ्यांवरच राहतो. ३,२७० चा आकडा पाहून निश्चिंत झालेला माणूस शाफ्टच्या संतुलनाकडे दुर्लक्ष करतो, आणि ९० मैलांना न जाणवणारी थरथर ११० ला गिअरबॉक्सचे मागचे बेअरिंग खाते. शाफ्ट चांगल्या वर्कशॉपमध्ये प्रत्यक्ष वेगावर संतुलित करून घ्यावा, दोन्ही क्रॉस (शाफ्टच्या टोकांचे सांधे) नवे टाकावेत, पुढचा आणि मागचा कोन जुळतो का ते मोजावे, आणि पुढच्या क्रॉसपासून थोड्या अंतरावर शाफ्टभोवती पोलादी कडे बसवावे. क्रॉस तुटून शाफ्टचे पुढचे टोक रस्त्यावर पडले तर या कड्यामुळेच गाडी उलटण्यापासून वाचते.

मागचा हाऊसिंग ८ इंची असला तरी या वर्गाला चालतो. शेल्बी यांच्या गाड्यांत ९ इंची होता. अ‍ॅक्सलची बेअरिंगे आणि सील नवे टाकावेत आणि हाऊसिंगवरील हवेचे बारीक छिद्र स्वच्छ आहे का ते पाहावे. माझ्या एका चाचणीत मागच्या डाव्या ब्रेकला पकड नव्हती आणि लायनर तेलाने भिजलेले निघाले. सील नवे होते. तासभर शोधल्यावर कळले, की रंग देताना ते छिद्रच बुजले होते. तेल तापले, आतील हवा फुगली आणि दाबाने तेल सीलमधून ड्रममध्ये गेले. टाचणीने छिद्र मोकळे करताच तो दोष कायमचा संपला.

पाणी, तेल, पेट्रोल

शहरात थंड राहणारी गाडी महामार्गावर तापते, याचे कारण पंख्यात नसते. या वेगाला पंखा जवळपास निरुपयोगी असतो. हवा रेडिएटरमधून जाते की त्याच्या बाजूने निसटते, हा खरा प्रश्न असतो. रेडिएटर आणि पुढचा पत्रा यांच्यामधील प्रत्येक फट फोम किंवा रबरी पट्टीने बंद करावी. पुढच्या बंपरखाली छोटा एअर डॅम लावला की गाडीखालील दाब कमी होतो आणि तापलेली हवा बॉनेटखालून लवकर बाहेर पडते. रेडिएटर २४ इंची रुंद, अ‍ॅल्युमिनियमचा घ्यावा आणि थर्मोस्टॅट ८२ अंशांचा ठेवावा; थर्मोस्टॅट काढून टाकण्याची जुनी सवय सोडावी.

खालचा होज जरूर तपासावा. तो पंपाच्या ओढीच्या बाजूला आहे. गाडी उभी करून बॉनेट उघडावे, इंजिन तापू द्यावे आणि सहकाऱ्याला ४,००० फेऱ्यांपर्यंत रेस देण्यास सांगून स्वतः त्या होजकडे पाहत राहावे. आतमध्ये तारेची स्प्रिंग नसेल तर तो तुमच्या डोळ्यांसमोर रिकाम्या पिशवीसारखा चपटा होतो, आणि रेस सोडली की पुन्हा गोल होतो. हळू चालताना हा दोष कधीच दिसत नाही.

तेलाच्या बाबतीत लांब वळणात तेल चेंबरच्या एका कडेला जाते आणि पंपाच्या नळीला हवा लागते, म्हणून आत पडदे असलेला, अधिक क्षमतेचा चेंबर बसवावा. २८९ मधील तेलपंप फिरवणारा पाव इंची षट्कोनी दांडा बारीक आहे. तो तुटला की दाब एका क्षणात शून्य होतो. त्याच्या जागी कठीण पोलादाचा दांडा टाकावा, त्याची किंमत इंजिनाच्या तुलनेत नगण्य आहे. तेलाचा कूलर आणि तेलाच्या तापमानाचा मीटर हवा. दाबाचा साधा नियम म्हणजे दर १,००० फेऱ्यांमागे किमान १० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच).

पेट्रोलची नळी तीन अष्टमांश इंचाची करावी आणि ती एक्झॉस्टपासून दूर न्यावी, अन्यथा उन्हात पेट्रोलची वाफ होऊन इंजिन घुटमळते. होली कार्बुरेटरला साधारण ६ पीएसआय दाब पुरतो.

इंजिन

आता इंजिन. लंड गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १,७०० मीटर उंचीवर आहे, तेथील विरळ हवेत इंजिनाची शक्ती पंधरा टक्क्यांच्या आसपास घटते, पण त्याच विरळपणामुळे हवेचा अडथळाही कमी होतो. माझ्या हिशोबाने या गाडीला ताशी ११० मैल टिकवण्यासाठी चाकांवर शंभरच्या आसपास अश्वशक्ती पुरेशी आहे. चार बॅरलच्या कार्बुरेटरसह २८९ ची जाहीर केलेली शक्ती २२५ होती. ती जुन्या, उदार मोजणीची असली तरी गरजेपेक्षा अधिक आहे. हवेसाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते, त्यामुळे १२० वरून १५० मैलांवर जायचे तर ती जवळपास दुप्पट लागते. वरच्या वर्गात जाण्याचा खर्च किती असतो, हे यावरून समजते.

म्हणून या इंजिनाची शक्ती वाढवण्याऐवजी त्याचा भरवसा वाढवावा. क्रँकवरील बॅलन्सर (थरथर शोषणारे चाक) बदलावा, कारण जुन्याचा रबर सुकून बाहेरचे कडे सरकते. त्यामुळे टायमिंगची (ठिणगीच्या वेळेची) खूण चुकते आणि शेवटी कडे सुटून रेडिएटरमध्ये घुसू शकते. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा नव्या असाव्यात, डिस्ट्रिब्युटर इलेक्ट्रॉनिक असावा. मिश्रण किंचित समृद्ध (पेट्रोल थोडे जास्त) ठेवावे आणि टायमिंग नॉकिंगच्या (अवेळी ज्वलनाने होणाऱ्या ठोक्यांच्या) सीमेपासून दोन अंश मागे ठेवावे. धावून झाल्यावर प्लग काढून पोर्सेलिनचा रंग पाहावा. फिकट तपकिरी हवा, पांढरा खडूसारखा दिसला तर कार्बुरेटरमधील जेट (पेट्रोलची छिद्रे) वाढवावेत.

हवा

या गाडीचे नाक वेगात उचलले जाते आणि १०० मैलांच्या वर स्टिअरिंग हलके वाटू लागते. पुढचा एअर डॅम त्यावरचा मुख्य उपाय आहे, मागे छोटा स्पॉयलर त्याला जोड देतो. बॉनेटला मूळ खटक्याशिवाय दोन पिना लावाव्यात. शोभेच्या पट्ट्या, आरसे, चाकांच्या टोप्या हाताने ओढून पाहाव्यात. जे हलते ते काढावे.

चाचणी आणि वेळेचा हिशोब

चाचणी बंद ट्रॅकवर, टप्प्याटप्प्याने घ्यावी: आधी ८० मैल, मग १००, मग ११५. प्रत्येक टप्प्यानंतर गाडी थांबवून चाकांचे नट टॉर्क पान्ह्याने तपासावेत, खाली वाकून गळती पाहावी, टायरच्या पृष्ठभागाचे तापमान आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या कडेला मोजावे. मधला भाग जास्त गरम असेल तर हवा कमी करावी, दोन्ही कडा गरम असतील तर वाढवावी. सर्व आकडे वहीत लिहावेत.

मीटरवर विश्वास ठेवू नये, तो मोजून घ्यावा. महामार्गावरील मैलाच्या खुणांच्या आधारे, कायदेशीर वेगात, दहा मैलांचे अंतर मोजून ओडोमीटरची चूक काढता येते. टायरचा व्यास बदलल्यावर हे पुन्हा करावे लागते. ११० च्या सरासरीला प्रत्येक मैल ३२.७३ सेकंदांचा असतो. शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याने प्रत्येक मैलाची अपेक्षित वेळ आधीच तक्त्यात लिहून ठेवावी आणि चालकाला फक्त फरक सांगावा: ‘दोन सेकंद पुढे’, ‘एक मागे’. लांब वाक्ये गाडीत ऐकू येत नाहीत.

वाटेत ‘द नॅरोज’ नावाचा अरुंद, वळणांचा खिंडीचा भाग आहे. तेथे पहिल्यांदा जाणाऱ्याने वेग कमी करण्याचे आधीच ठरवावे आणि त्याचा हिशोब तक्त्यात धरावा. समजा तीन मैल ९५ च्या वेगाने गेलात, तर १५.५ सेकंद मागे पडाल. ते भरून काढण्यासाठी आधीचे ४० मैल १११.३ च्या सरासरीने जावे लागते, म्हणजे जेमतेम सव्वा मैलाची वाढ पुरते. हे न ठरवता खिंडीनंतर घाबरून वेग वाढवणारे कमाल मर्यादा ओलांडून बाद होतात.

शेवटची रेषा ओलांडल्यावर एकदम ब्रेक दाबून थांबू नये. आयोजकांनी वेग उतरवण्यासाठी ठेवलेल्या अंतरात गाडी हळूहळू मंद करावी आणि थांबल्यावर हँडब्रेक ओढू नये, कारण तापलेला ड्रम लायनरला चिकटतो. इंजिन दोन मिनिटे मंद गतीवर चालू ठेवून मग बंद करावे, बॉनेट उघडावे आणि चारही हबवर हाताची मागची बाजू जवळ नेऊन पाहावे. एखादा हब इतरांपेक्षा स्पष्टपणे गरम लागला, तर त्या चाकाचे बेअरिंग उघडून पाहिल्याशिवाय गाडी चालवत परत नेऊ नये.